बाभळीच्या बाकातले बोल्ट

बाक पाच फूट लांब आणि चौदा इंच रुंद आहे. फळी एकच, बाभळीची, दोन इंच जाडीची. तो तयार झाला तेव्हा त्यात एकही खिळा नव्हता. आज त्यात चार लोखंडी कोन, दोन पट्ट्या आणि बारा बोल्ट आहेत. ते मी बसवून घेतले, ज्यांनी बाक केला त्यांना न विचारता.

झाड पालम तालुक्यातल्या आमच्या शेतातलं होतं. शेत आता धाकटा भाऊ पाहतो. बांधावरची ही बाभूळ पाइपलाइनच्या चारीला आडवी आली म्हणून त्याने उन्हाळ्यात ती तोडली. फांद्या वीटभट्टीवाला घेऊन गेला आणि खोडही तोच नेणार होता. मी त्याच सुमारास परभणीच्या दैनिकातून निवृत्त झाले होते. घरापुढच्या पडवीत सकाळी पेपर वाचायला बसण्यासाठी काहीतरी हवं होतं. खोड ठेवून दे, बाक करायचा आहे, असं मी भावाला फोनवर सांगितलं.

"आक्का, परभनीत बाकाचा दुष्काळ पडलाय का?" तो म्हणाला. पण खोड ठेवलं.

गावात हाताने लाकूडकाम करणारा एकच माणूस उरला होता. सत्तरी ओलांडलेले, आमच्या घरापासून चार घरं सोडून राहणारे. मी लहानपणापासून त्यांना काका म्हणते. गावातली औतं, तिफणी, बैलगाड्या त्यांच्या घराने केल्या. ट्रॅक्टर आले तसं ते काम आटत गेलं. अलीकडे खाटेचा पाय बदलणे, दाराची चौकट सरळ करणे, लग्नसराईत एखादा पाट, एवढंच. घराला लागून, रस्त्याच्या कडेला त्यांची छपरी होती. चार मेढी, वर पत्रे, खाली काम करायचा लाकडी ठोकळा आणि मागच्या भिंतीला टांगलेली हत्यारं. काम असो वा नसो, ते दिवसभर तिथेच बसत.

काका खोड पाहायला शेतात आले. लाकूड तासायच्या वाकसाच्या दांड्याने तीन-चार जागी ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "पान्यात घाला." बाभळीचं लाकूड पावसाळाभर पाण्यात बुडवून ठेवलं की त्यातला चीक निघून जातो आणि पुढे भुंगा लागत नाही. जवळचं पाणी म्हणजे भावाचं शेततळं.

"शेततळ्यात न्हाई हं काका. खालचा प्लास्टिकचा कागद फाटला तर?"

"आरं, खोड हाय ते, म्हैस न्हाई. पान्यात गेल्यावर पाय झाडत बसनार न्हाई."

भावाने ऐकलं नाही. शेवटी गावातल्या वापरात नसलेल्या आडात खोड दोराने सोडलं. दिवाळीनंतर ते बाहेर काढून पालमच्या सॉ मिलमध्ये चिरून आणलं आणि फळ्या छपरीत, सावलीला, एकावर एक फटी ठेवून रचल्या. अजून एक वर्ष त्या तशाच पडायला हव्या होत्या, असं काका म्हणाले. "पर तेवढं सबूर माझ्याकडं न्हाई," असंही म्हणाले. ते का, हे मला थोड्या दिवसांनी कळलं.

काम सुरू होण्याच्या दिवशी मी छपरीत होते. काकांचा मुलगा मोटारसायकलवरून आला. तो प्लास्टिकचे दरवाजे आणि सरकत्या खिडक्या बसवून देण्याचं काम करतो. पालममध्ये त्याची भाड्याची जागा होती. छपरी पाडून तिथे शटरचं दुकान काढावं, असं त्याच्या मनात होतं. जागा रस्त्यावरची, त्याचं म्हणणं गैर नव्हतं. गाडीवरून न उतरताच त्याने विचारलं, "बाबा, मग मिस्त्रीला कधी बोलावू?"

"हे काम झाल्यावर."

"हे झालं की दुसरं काढताल तुमी. बाई, तुमीच सांगा, आता लाकडाच्या बाकावर कोन बसायलंय? दोन वर्षांत खिळखिळा व्हतो. मग लोक मला बोलावतात, लोखंड मारून दे म्हनून."

काकांनी हातातली पटाशी खाली ठेवली. "खिळ्याचा बाक व्हतो खिळखिळा. हा एक उन्हाळा आन् एक पावसाळा काढू दे. सांध्याला बाहेरचं काय लावायची पाळी आली, तर तू छपरी पाड. मी एक शब्द बोलनार न्हाई. आन् न्हाई आली, तर मी हाय तवर हिला हात लावायचा न्हाई."

मुलगा हसला. "लिहून द्या."

"लिहून कशाला? बाई बसल्यात की इथं. जलमभर लिहायचंच काम केलंय त्यांनी. त्याच साक्षीदार."

"चालतंय. बाई म्हनतील तसं." गाडी सुरू करता करता त्याने मला हात केला. मी मान डोलावली. तेव्हा ते सगळं बापलेकांच्या रोजच्या बोलण्यातलं वाटलं होतं.

काम सव्वा महिना चाललं. मी आठवड्यातून दोनदा परभणीहून एसटीने जात असे. सवयीने बरोबर वही असे. काकांनी पहिल्याच दिवशी वहीकडे पाहून विचारलं, "पेपरात देनार का?"

"नाही. समजून घ्यायचं आहे."

"मग वही ठिवा आन् त्या फळीचं दुसरं टोक धरा."

जोड असा असतो. पायाच्या वरच्या टोकाला चौकोनी जीभ कोरतात. तिला कुसू म्हणतात. फळीला त्याच मापाची आरपार खाच पाडतात. कुसू खाचेत घातलं की त्याचं टोक फळीच्या वरच्या बाजूला येतं. त्या टोकात आधीच एक फट ठेवलेली असते. फटीत पाचर ठोकली की कुसू वरून रुंदावतं आणि पाय खाली निसटत नाही. पाचरीचं लाकूड मात्र पूर्ण वाळलेलं लागतं. काकांनी त्यासाठी एका मोडक्या तिफणीचा दांडा वापरला. ती तिफण त्यांच्या वडिलांनी केलेली होती.

बाभूळ इतकी कठीण की पटाशीला तासातून दोनदा धार लावावी लागे. काका आखणी पेन्सिलने करत नसत. रेघ जाड येते, म्हणत. पटाशीच्या टोकाने बारीक ओरखडा काढायचे आणि त्या ओरखड्यापर्यंतच कापायचे. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं बाकी होतं. तिसऱ्या पायाच्या वेळी ओरखडा चुकला. कुसू खाचेत घातलं तर ते आवाज न करता आत गेलं. बरोबर बसणारं कुसू मोगरीच्या दर ठोक्याला कुरकुरतं, हे एव्हाना मलाही कळत होतं.

"जाड पाचर ठोकली तर नाही का चालणार?" मी विचारलं.

"चालंल. तुमाला कळनार बी न्हाई." त्यांनी तो पाय बाजूला टाकला आणि नवीन लाकूड घेतलं. काकूंनी संध्याकाळी टाकलेला पाय चुलीसाठी नेला. त्यावर तीन दिवसांचं काम होतं.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी बाक टेम्पोने परभणीला आला. काका बरोबर आले. पडवीत जागा पाहून, चारही पाय टेकतात ना हे बघून त्यांनी तो ठेवला. मी पैसे दिले, ते त्यांनी न मोजता खिशात घातले. मग बाकाच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, "पाडव्यापासनं पाडव्यापर्यंत हा माझ्याकडं हाय. लाकूड अजून पुरतं वाळलेलं न्हाई. उन्हात ते आखडंल, सांधे बोलतील. बोलले की मला फोन करा. मी येतो, पाचर जरा आत घेतो, दहा मिनिटाचं काम. दुसऱ्या कुनाला हात लावू देऊ नका."

मी बरं म्हणाले.

त्यांच्या बोलण्यातला एक भाग मी नीट ऐकला नाही. पूर्वी गावात सुतार औत विकत नसे. पाडव्याला साल ठरायचं. मग वर्षभर कुणाचं जू तडकलं, वखराचा दांडा हलला, की निरोप आल्यावर सुतार शेतात जाऊन ते बसवून द्यायचा. वस्तू हातातून गेली तरी वर्ष संपेपर्यंत ती त्याची असायची. तिचं हलणं हे तिच्या वर्षभरातल्या कामाचाच भाग धरलं जाई. त्यात सुताराचा कमीपणा नव्हता. हे मला माहीत होतं. गावगाड्यावरच्या एका पुरवणीत मी हे छापूनही आणलं होतं. पण काका पडवीत उभे राहून बोलत होते तेव्हा, पैसे दिले आणि बाक माझा झाला, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यांचं बोलणं मी निरोपाचं बोलणं समजले.

मेमध्ये बाक हलायला लागला. आधी बसताना बारीक आवाज यायचा. मग एका बाजूने अर्धं बोट झुलायला लागला. एका रविवारी घरी पाचसहा जण आले होते. शेजारचे गृहस्थ, अंगाने भारदस्त, बाकावर बसले आणि बाक त्यांच्यासह पुढे-मागे झाला.

"मॅडम, हा बाक आहे का पाळणा?"

सगळे हसले. मीही हसले. "गावाकडच्या सुताराने केलाय," असं मी म्हणाले. ते मी कोणत्या सुरात म्हणाले, हे मला चांगलं आठवतं.

शेजाऱ्यांच्या खिडकीला जाळी बसवणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे येणारच होता. त्याला तुमच्याकडे पाठवतो, असं ते म्हणाले. रात्री काकांना फोन करावा असं मनात आलं. नंबर काढला आणि केला नाही. उन्हाचा कडाका आहे, या वयात त्यांना एसटीने कशाला बोलवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. काम फसलं आहे, असं मी ठरवून टाकलं होतं आणि ते त्यांना तोंडावर सांगायचं मला टाळायचं होतं.

जाळीवाला आला. त्याने बाक उलटा केला, खालून पाहिलं.

"मॅडम, लाकूड लाकडाला धरतंय व्हय? लोखंड लागतंय."

ड्रिल मशीनने भोकं पाडली, पायांना कोन लावले, फळीच्या रुंदीत दोन पट्ट्या आवळल्या. अर्धा तास लागला. जाताना तो बाकावर उभा राहिला आणि एक उडी मारून दाखवली. बाक हलला नाही.

पावसाळाभर तो हलला नाही. घरातली दारं फुगून चौकटीत अडकत होती, बाक मात्र जागच्या जागी होता. फळीही फुगत होती आणि पट्ट्या तिला जागा देत नव्हत्या, हे वरून दिसत नव्हतं. पाऊस गेला, ऊन तापलं, फळी आखडायला लागली. तेव्हाही पट्ट्यांनी तिला सोडलं नाही. एका दुपारी मी आत असताना पडवीतून अडकित्त्यात सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. बोल्टाच्या भोकापासून खाचेपर्यंत, दीड वीत लांबीची चीर पडली होती. आरपार.

दसरा झाल्यावर चार दिवसांनी फाटकाशी मोटारसायकल थांबली. मुलगा चालवत होता, मागे काका. धुवट कपडे, कपाळावर अष्टगंध, मांडीवर पोतं. पोत्यातून मोगरीचा दांडा बाहेर आला होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की वर्षाचं पहिलं काम चांगल्या लाकडावर करायचं, अशी त्यांची रीत. ते फाटकातूनच बोलायला लागले.

"बाई, तुमी तर फोनच केला न्हाई!"

तक्रार नव्हती ती. चेहरा फुललेला होता.

"ह्याला रोज सांगायलोय. म्हनलं, अख्खा उन्हाळा गेला, बाईचा फोन न्हाई. म्हंजी सांधा बोललाच न्हाई. वल्लं लाकूड असून! हा म्हनला, चला बघू. म्हनलं, चल."

"लय डोकं खाल्लंय बाई यांनी," मुलगा म्हणाला. तोही हसतच होता. "गावात कुनी दिसलं की बाकाचीच गोष्ट."

मी फाटकाची कडी धरून उभी होते. माझ्या न बोलण्याचा असा अर्थ लावला जाईल, हे पाच महिन्यांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

मुलगा पुढे झाला. पडवीच्या पायरीवर बूट काढता काढता त्याला खालच्या पट्ट्या दिसल्या असाव्यात. तो वाकला, कोनावर बोटाने टकटक केलं आणि वडिलांकडे पाहिलं. "बाबा, हे बोल्ट तुमी मारले?"

काका पायरीवरच थांबले. मुलाने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "मे महिन्यात हलायला लागला होता. म्हणून बसवून घेतले."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. बाक हलणार हे काकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, ते त्यात नव्हतं. एक पाचर दहा मिनिटांत आत घेतली की झालं असतं, तेही नव्हतं. फोन करायला सांगितलेलं असताना मी केला नाही, हेही नव्हतं. अशी अर्धी बातमी आणणाऱ्या वार्ताहरांना मी नोकरीत असताना परत पाठवत असे. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ते वाट पाहत होते, असं मला आता वाटतं. चार-पाच सेकंद असतील. मी "चहा ठेवते" म्हणाले.

चहा घेऊन आले तेव्हा ते बाकाशेजारी खाली बसले होते आणि चिरेत नख घालून पाहत होते.

"बोल्टानं चिरलीय," ते म्हणाले. "खाच शाबूत हाय. कुसू बी शाबूत हाय."

"पर हलला व्हता ना बाबा?"

"हलला असंल."

"मग झालं तर."

"झालं," काका म्हणाले आणि बशीत चहा ओतला. पोतं चपलांशेजारी तसंच राहिलं, त्यांनी ते उघडलं नाही. जाताना काकूंना माझा निरोप सांगायला मी म्हणाले. सांगतो म्हणाले. मुलाने गाडी वळवली, पोतं पुन्हा मांडीवर आलं आणि ते गेले.

दिवाळीच्या आधी छपरी पाडली. भावाने फोनवर इतर चार गोष्टींबरोबर ते सांगितलं. पत्रे भंगारात गेले आणि मेढी जळणात.

मी संक्रांतीनंतर गावाला गेले. छपरीच्या जागी दुकान उभं होतं, शटरला निळा रंग. मुलगा आत खिडकीची चौकट कापत होता. मी त्याला सगळं सांगितलं, क्रमाने. पाडव्याला काका काय म्हणाले, मेमध्ये काय झालं, फोन मी का केला नाही, त्या दिवशी मी काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही.

त्याने मशीन बंद केलं. चौकटीवरचा भुसा हाताने झाडला.

"बाबा सांगत व्हते मला," तो म्हणाला. "त्या दिवशी गाडीवर. पाचर आत घेतली असती की झालं असतं म्हनून. मी म्हनलं, आता कायबी सांगा तुमी." मग चौकट भिंतीला टेकवत, "तुमी सांगितलं असतं तर ऐकलं असतं बाई. तुमी म्हनताल तसं, हे ठरलंच व्हतं की."

त्याने मशीन पुन्हा सुरू केलं नाही. मी निघेपर्यंत तो तसाच उभा होता.

काका घरामागच्या अंगणात उन्हाला बसले होते. काकूंनी चहा दिला. दोन पटाश्या घरात ठेवल्या आहेत, बाकी हत्यारं सेलूकडच्या एका नातेवाइकाला दिली, असं कळलं. मुलाला सगळं सांगून आले, असं मी म्हणाले. मला वाटलं होतं, ऐकून त्यांना बरं वाटेल.

"कशाला सांगितलं?" काका म्हणाले.

"खरं होतं ते."

"खरं हाय. पर दुकान तर झालं. आता त्येनं रोज शटर उघडताना मनाला लावून घ्यायचं का? माझं जे जायचं ते गेलं. त्येचं कशाला घालवायलाव?"

काकू आत गेल्या. मी विचारलं, बोल्ट काढून पुन्हा पाचर मारता येईल का? बाक टेम्पोत घालून घेऊन येते.

"न्हाई. आता त्या पट्टीनंच फळी धरलीय. काढली की दोन तुकडे व्हतील. ऱ्हाऊ द्या तशीच." मग त्यांनी विचारलं, "बसायलाव ना त्याच्यावर?"

मी हो म्हणाले. चीर पडल्यापासून त्या बाकावर कुणी बसलेलं नाही.